क्ष्माधर जेवला का?

माझ्या पुस्तकांतली माणसं फार जेवतात, अशी तक्रार परवा एका समीक्षकानं छापून केली. परी असो, पिशाच असो, नाहीतर तीन डोक्यांचा राजा असो, थोडी पानं उलटली की कुणीतरी ताट वाढायला घेतं आणि त्यानं अद्भुताची सगळी हवा निघून जाते म्हणे. जात असेल. धुळ्यातल्या माझ्या घरी बसून मी तो लेख वाचला आणि मला जळगावचे माझे घरमालक आठवले. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणायची. आबा आता नाहीत. असते तर त्यांनी ह्या लेखात कोपरापर्यंत हात घातला असता, मधला मूठभर मजकूर बाहेर ओढला असता आणि "वल्लं शे" म्हणून लेख माझ्याकडे परत टाकला असता.

हा हात काय प्रकार होता ते सांगायला हवं. आबांनी जन्मभर कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडरची नोकरी केली. शेतकरी गाड्या भरून कापूस आणायचे. वरच्या थरात पांढराशुभ्र, फुललेला माल, मुलगी दाखवायला बसवावी तसा. आबा त्या थराकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. बाही सरकवायची, कोपरापर्यंत हात आत खुपसायचा, मधली मूठ बाहेर काढायची, दोन बोटांत धागा ओढून बघायचा, दाताखाली सरकी फोडायची आणि नंबर सांगायचा. पाणी मारून वजन वाढवलेलं असेल तर "वल्लं शे", म्हणजे ओलं आहे. पिवळट, किडका माल लागला तर "कवडी शे". अख्ख्या नोकरीत त्यांनी कुणालाही एक नंबर दिला नाही अशी त्यांची ख्याती होती. शेतकरी ही ख्याती ज्या शब्दांत सांगायचे ते शब्द इथं लिहिण्यासारखे नाहीत. आबा निवृत्त झाले, पण हात निवृत्त झाला नाही.

भाजीबाजारात ते वांग्याच्या ढिगात खालपर्यंत हात घालून मधलं वांगं ओढायचे आणि वरची सगळी वांगी रस्त्यावर घरंगळायची. पंगतीत पुऱ्यांची टोपली आली की वरच्या पुऱ्या बाजूला सारून मधली घ्यायचे. वाढणारा खांब धरून उभा राहायचा. पेपर मधल्या पानापासून वाचायचे, त्यामुळे जगात मोठं काय घडलं ते त्यांना चहा गार झाल्यावर कळायचं. ह्या पद्धतीनं त्यांची फसवणूक होत नसे अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात बाजारातल्या बायकांना त्यांची खोड पाठ झाली होती. आबा लांबून दिसले की त्या चांगली वांगी ढिगाच्या मध्ये ढकलायच्या आणि किडकी वर ठेवायच्या. आबा मधलं वांगं फोडून बघायचे, खूश व्हायचे, नि वरची टोपलीभर किडकी तोलून घरी आणायचे. मग अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यातलं एक वांगं चिरून आतली अळी त्यांना न बोलता दाखवायच्या.

"मनं लगन बी दोन नंबरनं," असं आबा पाहुण्यांसमोर हसत सांगायचे.

"आन ग्रेडर तीन नंबरना!" अक्का स्वयंपाकघरातून तेवढ्याच मोठ्या आवाजात उत्तर द्यायच्या.

दोघं मूळचे सोनगीरजवळच्या एका खेड्यातले. नोकरीनं जळगावला आले, घर बांधलं, वर भाडेकरूसाठी एक खोली काढली. मी पाचोऱ्याची. जळगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची नोकरी लागली म्हणून खोली बघायला गेले. नाव, गाव, पगार, वडील काय करतात, अशी माझी तयारी चोख होती. मी नावापर्यंतच पोचले होते, तेवढ्यात आबांनी हात वर केला.

"तो वरला थर ऱ्हाऊ दे. मधलं काही सांग."

स्वतःच्या मध्ये काय आहे हे मला त्याआधी कुणी विचारलं नव्हतं. घाबरून मी म्हणाले, "मी गोष्टी लिहिते."

"खऱ्या का खोट्या?"

"खोट्या. राक्षस, पाताळ, असल्या."

"मंग ऱ्हाय. खऱ्या लिहिनारी भाडेकरीन नको माले. गल्लीमा भांडनं व्हतस."

त्या वरच्या खोलीत मी चार अद्भुत लघुकादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांचा संग्रह निघाला. नाव 'सप्तछायांचे प्रदेश'. पहिली प्रत मी आबांना नेऊन दिली. त्यांनी मुखपृष्ठ वाचलं, मग अनुक्रमणिका बघितली.

"सप्त म्हंजे सात ना, मॅडम? आत तं चारच शेतस. तीन कोठे गयात?"

"आबा, ते प्रतीकात्मक आहे."

प्रतीकात्मक हा शब्द मी त्या दिवसांत मिठासारखा वापरत होते. कशात काही कमी पडलं की चिमूटभर टाकायचा.

प्रकाशन समारंभ शहरातल्या एका सभागृहात झाला. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, माइकची शिट्टी, सगळं यथासांग. व्यासपीठावर चार वक्ते होते आणि चौघांनीही पुस्तक वाचलेलं नव्हतं, पण त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. प्रमुख पाहुणे म्हणाले, ह्या कथांना खानदेशच्या काळ्या मातीचा गंध आहे. माझ्या चारही गोष्टी ज्या प्रदेशात घडतात तिथं माती नसते. एक पाण्याखाली, एक ढगांत, एक राक्षसाच्या पाठीवर आणि एक काचेच्या अरण्यात. तरी मी मान खाली घालून लाजले. स्तुती खोटी असली तरी लाजायचं ते लाजावंच लागतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आबांचा आवाज आला, "कोनतं पान?"

पाहुणे गोंधळले. "म्हणजे?"

"मातीना वास कोनता पानवर शे?"

आबा उभे राहिले, पुस्तक मिटलेलंच धरलं, अंगठा मधोमध खुपसला आणि तिथलं वाक्य खड्या आवाजात वाचलं. "'नीलवर्णी, निःशब्द, निराकार, अनादि अशा त्या संध्येच्या मखमली, मौनमग्न, मंद्र कुशीत तो विसावला.'" पान त्यांनी दोन बोटांत धरून जरा ओढूनसुद्धा बघितलं. मग व्यासपीठाकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाले, "वल्लं शे, मॅडम. पिळी काढं तं बादली भरी जाई."

लोक हसले. वक्ते जास्त हसले. मी श्रीफळ मांडीवर घेऊन बसले होते आणि ते कुठं फेकावं ह्याचा विचार करत होते. घरी जाताना आबा त्याच रिक्षात माझ्या शेजारी बसले होते आणि समारंभातली कचोरी तेवढी एक नंबर होती असं सांगत होते. जन्मभरात कुणाला न दिलेला एक नंबर त्यांनी कचोरीला दिला. तोही नंतर त्यांनी परत घेतला, कारण रात्री पोट बिघडलं.

त्यानंतर संग्रहाबद्दलची त्यांची मतं मला हप्त्याहप्त्यानं मिळू लागली. जिन्याशी मिळाली, नळाशी मिळाली, कपडे वाळत घालताना दोरीच्या पलीकडून मिळाली. पहिल्या गोष्टीत तळ्याखाली एक शहर आहे आणि तिथं मेलेल्या माणसांचे आवाज मडक्यांत भरून विकतात. आबांचं म्हणणं, गिऱ्हाईक आवाज ऐकून बघितल्याशिवाय घेणार नाही, आणि झाकण उघडलं की आवाज निघून जाणार, मग हा धंदा चालतो कसा? दुसऱ्या गोष्टीतली राणी रोज झोपताना स्वतःची सावली काढून खुंटीला टांगते. आबांनी विचारलं की ती सावली धुवायला कोण टाकतं, आणि धुतली तर आटते का. मी प्रत्येक वेळी प्रतीकात्मक म्हणत होते आणि ते प्रत्येक वेळी "हां, हां" म्हणून मान हलवत होते, भिजलेल्या कापसाचा मालक शपथा घेऊ लागल्यावर हलवत असतील तशीच.

पण त्यांचा खरा राग होता तिसऱ्या गोष्टीवर. तिच्यात एक म्हातारा राक्षस आहे. त्याच्या पाठीवर एक अख्खं गाव वसलेलं आहे आणि गावाला ते माहीत नाही. तो हलला तर घरं पडतील म्हणून तो युगानुयुगं बसत नाही, कूस बदलत नाही, खोकलासुद्धा दाबून ठेवतो. त्याचं नाव मी शब्दकोशात आठवडाभर शोधून ठेवलं होतं, क्ष्माधर. पृथ्वी धारण करणारा. मला ते फार भारदस्त वाटायचं.

"हाई काय मानुसनं नाव शे?" आबा म्हणाले. "घेता घेता दात पडी जाई मना." आणि त्यानंतर ते त्याला 'तुना डोकरा', म्हणजे तुझा म्हातारा, असंच म्हणत राहिले. एका सकाळी मी कॉलेजला निघाले होते तर जिन्याखाली वाट अडवून उभे.

"तुना डोकरा खातो काय?" 'तुना डोकरा' सोडलं तर बाकीचं त्यांनी मुद्दाम शुद्ध मराठीत विचारलं, मला टाळता येऊ नये म्हणून.

"कोण, क्ष्माधर? आबा, तो राक्षस आहे."

"मंग राक्षसले पोट नही ऱ्हास? गोष्ट सुरू व्हयनी तवयपाईन गाव लीसन उभा शे. इतला पानेसमा तू त्याले एक घास नही दिधा."

"गाव घेऊन उभा असला तरी तो चांदण्यावर जगतो."

"चांदनं खाईसन गाव उचलाई जास?" आबा खरोखर चिडले होते. "बैल जुपाना पहिले आपन त्याले चारा टाकतस. आन तू मास्तरीन शे!"

मला उशीर होत होता. तो प्रतीक आहे, असं मी जिन्यावरूनच ओरडले. खालून उत्तर आलं, "प्रतीक बी उपाशी मरस!" गल्लीतल्या दोन बायकांनी झाडू थांबवून वर बघितलं. आमच्यात कुणीतरी उपाशी मरतंय अशी बातमी त्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि संध्याकाळी समोरच्या काकूंनी मला वाटीभर शेवभाजी आणून दिली.

चौथी गोष्ट ते वाचायलाच घेईनात. मी महिने मोजायचं सोडून दिलं, पण विचारायचं सोडलं नाही. "आबा, चौथी?" ते म्हणायचे, "तिसरीमाच अडकेल शे." ह्याचा अर्थ मी माझ्या परीनं लावला. वाचवत नाही, पुढं ढकलवत नाही, अडकलंय.

इथं एक गोष्ट सरळच सांगते. मला आबांकडून एक नंबर हवा होता. हसण्यावारी नेत असले तरी मला तो मनापासून हवा होता. प्राचार्यांनी पुस्तकाचं कौतुक केलं होतं, पण त्यांची प्रत कपाटात प्लॅस्टिकच्या वेष्टनातच होती. नातेवाइकांनी ग्रुपवर फुलांची चित्रं पाठवली होती. ते पुस्तक खरोखर उघडलेला, त्यातल्या माणसांशी भांडलेला माझ्या माहितीतला माणूस एकच होता आणि तो नंबर द्यायला तयार नव्हता. प्रकाशकानं पुढचं पुस्तक मागितलं होतं. मी सुरुवात करून थांबले होते. एक वाक्य लिहिलं की खालून तो हात यायचा, वाक्याच्या पोटात शिरायचा, आणि मला कळायचं की वल्लं आहे. बाजारातल्या बायकांसारखं चांगलं तेवढं मध्ये ढकलावं हेही करून बघितलं. मध्ये ढकलण्याइतकं चांगलं काही सापडेना. लिहिणं सोडून द्यावं आणि मुलांना आम्ल-अल्कली शिकवत सुखानं राहावं असं मी जवळजवळ ठरवलं होतं.

मग श्रावण आला आणि घरात कानबाईची तयारी सुरू झाली. आमच्याकडं खानदेशात कानबाई म्हणजे दिवाळीच्या वरताण. नारळाची देवी सजवून मांडायची, रविवारी तिच्यासमोर गाणी, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. त्यातला मुख्य नैवेद्य रोटांचा. घरातल्या आणि भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात, ते दळतात आणि त्या पिठाचं जे होतं ते रोट. ते खायचं भाऊबंदांनीच. बाहेरच्याला द्यायचं नाही, उरवायचं नाही, ठरल्या मुदतीत संपवायचं. अक्का ह्या बाबतीत भलत्या कडक. आदल्या दोन श्रावणांत त्यांनी मला खीर, आमटी, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी, सगळं वर पोचवलं होतं, पण रोटाचा तुकडा नाही. "रोट सोडीसन बठ्ठं मांग," म्हणायच्या, म्हणजे रोट सोडून सगळं माग. मला त्याचं वाईट वाटायचं कारण नव्हतं. भाडेकरू ती भाडेकरू. तरी वरच्या खोलीत एकटीनं खीर खाताना खालचा गलबला जरा जास्तच ऐकू यायचा.

त्या वर्षी गहू काढायच्या दिवशी अक्कांनी मला सूप धरायला खाली बोलावलं. आबा अंघोळ करून, स्वच्छ बंडी घालून पाटावर बसले होते. समोर गव्हाची कोठी. एकेक नाव घ्यायचं, मूठ काढायची, वर सव्व्याची पाव मूठ, आणि सुपात टाकायची. स्वतःचं नाव झालं, मुलाचं झालं, नातवाचं, गावाकडच्या भावांचं, त्यांच्या मुलांचं. गहू वरच्यावरच काढत होते. देवीच्या कामात आबा हात खुपसत नसत, एवढी सवलत त्यांनी कानबाईला दिली होती.

नावं संपली. अक्का सूप माझ्या हातातून घेणार, तेवढ्यात आबा म्हणाले, "थांब व."

त्यांनी बंडीची बाही सरकवली आणि कोठीत कोपरापर्यंत हात घातला. बराच वेळ आत काहीतरी चाचपत राहिले. मूठ बाहेर काढली, तळहात उघडला, दाणे निरखले, एक फुटका दाणा वेचून बाजूला टाकला. मग मूठ सुपावर धरून, देवीकडं बघत, जोडाक्षरासकट, एकही दात न पडता नाव घेतलं.

"क्ष्माधर."

गहू सुपात पडले. अक्कांनी चष्म्यावरून बघितलं. "हाऊ कोन? आपला भाऊबंदमा असा कोनी नही."

"वरला मजलानी पोरना शे," आबा म्हणाले. "कवयपाईन उपाशी शे तो. गाव लीसन उभा शे बिचारा."

मला हसू येत होतं, पण तोंड उघडलं असतं तर हसू बाहेर पडलं नसतं हे मला माहीत होतं. तिसरीमाच अडकेल शे, असं हा माणूस वर्षभर मला सांगत होता आणि मी त्याचा अर्थ कंटाळा असा लावत होते. ते पुस्तकात अडकले नव्हते. ते त्या म्हाताऱ्यापाशी थांबले होते. त्याला उपाशी सोडून पुढच्या गोष्टीत जायचं त्यांना जमत नव्हतं.

अक्कांना मात्र माझ्या भावनांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्यापुढं धर्मसंकट होतं. "तुमले काही समजस का? देवीना म्होरे नाव लिधं म्हंजे लिधं. आते त्याना वाटाना रोट कोन खाई? टाकता येस नही, परका मानुसले देता येस नही. तो राक्षस येवाव शे का आठे जेवाले?"

गव्हाचा हा हिशेब आबांनी केलेला नव्हता. जन्मभर दुसऱ्याचा माल तपासणाऱ्या माणसाच्या हातून एवढी मोठी चूक झाली, ह्याचा आनंद अक्कांना लपवता येत नव्हता. त्यांनी सूप माझ्या हातातून घेतलं, गहू एकदा पाखडले, आणि माझ्याकडं बोट करून निकाल दिला.

"डोकरा आपला घरना व्हयना, बरोबर? मंग त्याले पैदा करनारी कोन? हाईच ना? त्यानी माय म्हंजे आपलीच व्हयनी. त्याना वाटाना रोट हाई खाई." मग माझ्याकडं वळून, "रविवारले सकायपाईन उपास धरजो. उशीर करू नको."

रविवारी मी खालच्या घरात भाऊबंदांच्या पंगतीत बसले. गावाकडून आलेल्या एका बाईंनी विचारलं, ही कोण, आणि अक्कांनी आमटी वाढता वाढता सांगितलं, "क्ष्माधरनी माय." त्या बाईंनी मान डोलावली, जणू क्ष्माधरला त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं होतं. रोट जाड होता, तुपात भिजलेला, जरासा करपलेला. मी तो क्ष्माधरच्या नावानं खाल्ला. शेवटचा घास गिळताना माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

समोरच्या पाटावरून आबा मी जेवते की नाही यावर बारीक नजर ठेवून होते.

"आबा," मी म्हटलं, "आता तरी सांगा. नंबर किती?"

"दोन," आबा ताबडतोब म्हणाले. "वल्लं शे ते वल्लंच शे." त्यांनी माझ्या पानाकडं बघितलं. तिथं काही उरलं नव्हतं. मग हात धुतले, पंच्याला पुसले, आतल्या खोलीत जाऊन पुस्तक घेऊन आले आणि भाऊबंदांच्या गलबल्यात भिंतीला टेकून बसले.

"डोकरा जेवना," ते म्हणाले. "आते चौथी वाचस."

आणि त्यांनी अंगठा चौथ्या गोष्टीच्या बरोबर मध्यावर घातला.